ताईच्या काउंटरवरचं सॉफ्टवेअर बोलतं करताना : प्रकल्प नोंदी

५ जुलै २०२५, शनिवार

आजपासून या कामाच्या नोंदी ठेवतो आहे.

माझी मावसबहीण, म्हणजे ताई, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत काउंटरला बसते. जन्मापासून तिला दिसत नाही. एनव्हीडीए या स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रामवर, ती दिवसभर काम करते. मेल, एक्सेल, बँकेची पत्रं यात तिला कुणाची मदत लागत नाही. अडतं ते संस्थेच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरपाशी. कुणीतरी पंधरा-वीस वर्षांपूर्वी करून दिलेलं आहे, मूळ माणूस आता सापडत नाही, आणि पैशाचा सगळा व्यवहार त्यातच होतो.

फोनवर विचारलं, नेमकं काय होतं. ती म्हणाली, "सेव्ह करायच्या आधी शेजारी विचारा लागते. पाहा ना, नाव बरोबर दिसते का? दिवसाचे पन्नास-साठ खेप."

हा एक प्रश्न तिला विचारावा लागू नये, एवढंच या प्रकल्पाचं काम. बाकी जे होईल ते वरकड.

मॅनेजर साहेबांनी सरावाच्या डेटाची एक प्रत दिली आहे. खरी खाती त्यात नाहीत.

अडलेलं सॉफ्टवेअर कसं वाचायचं हे स्क्रीन रीडरला शिकवणारी छोटी स्क्रिप्ट लिहायची कल्पना नवी नाही. जॉज हा स्क्रीन रीडर १९८९ मध्ये डॉससाठी आला, तो काढणारे टेड हेंटर स्वतः अपघातात दृष्टी गेलेले. त्याची स्वतःची स्क्रिप्टची भाषा आहे आणि नोकरीतली अडून बसलेली सॉफ्टवेअरं त्या स्क्रिप्टांनी कितीतरी लोकांना वापरता आली. पण जॉज विकत घ्यावा लागतो. एनव्हीडीए मोफत आहे, मुक्त स्रोत आहे. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन यांनी सुरू केला, पुढे जेम्स टेह त्यांच्या सोबत आले. दोघंही अंध. आणि तो पायथनमध्ये लिहिलेला आहे. पायथन मला येतं. म्हणून हाच.

६ जुलै, रविवार

एकादशी. घरात साबुदाण्याचा वास आणि मी मॉनिटर बंद करून बसलो. आधी ऐकून घ्यायचं ठरवलं होतं.

पावतीचा फॉर्म उघडला. टॅब दाबला : "एडिट, ब्लँक." पुन्हा टॅब : "एडिट, ब्लँक." चौदा वेळा हेच. कुठलीही चौकट आपलं नाव सांगत नाही. ताईनं टॅब मोजून पाठ केले आहेत : तिसरा खाते क्रमांक, पाचवा रक्कम. मध्ये कुणी माऊसनं क्लिक केलं की मोजणी चुकली, मग एस्केप आणि पहिल्यापासून.

कारण सापडायला वेळ लागला नाही. एनव्हीडीएची ठरलेली कळ आणि एफ१ एकत्र दाबलं की ज्या वस्तूवर आपण आहोत तिची सगळी तांत्रिक माहिती लॉगमध्ये येते. विंडो क्लासचं नाव 'थंडर आरटी ६ टेक्स्टबॉक्स' असं निघालं. म्हणजे व्हिज्युअल बेसिक ६. त्यात टेक्स्टबॉक्सला स्वतःची विंडो असते, पण शेजारच्या लेबलला नसते. लेबल फॉर्मवर नुसतं रंगवलेलं असतं. डोळ्याला 'रक्कम' दिसतं, विंडोजच्या लेखी तिथं काहीच नाही. स्क्रीन रीडर विंडोजला विचारतो आणि विंडोज सांगतं, या चौकटीला नाव नाही.

पण वाट आहे. जुन्या पद्धतीनं पडद्यावर अक्षरं काढणाऱ्या प्रोग्रामांवर एनव्हीडीए लक्ष ठेवून असतो आणि कुठल्या जागी कुठला मजकूर काढला गेला हे लक्षात ठेवतो. त्याला डिस्प्ले मॉडेल म्हणतात. चौकटीच्या डावीकडच्या आयतात कोणता मजकूर आहे, असं त्याला विचारता येतं.

सेटिंगमधल्या प्रगत भागात जाऊन डेव्हलपर स्क्रॅचपॅड, म्हणजे स्वतःचा कोड तपासून पाहायची जागा, चालू केलं. त्यातल्या 'अ‍ॅप मॉड्यूल्स' फोल्डरमध्ये सॉफ्टवेअरच्या एक्झी फाइलच्याच नावाची पायथन फाइल ठेवली. नाव जुळलं की एनव्हीडीए ती फक्त त्या प्रोग्रामपुरती लागू करतो, त्यामुळे ताईचं बाकी कॉम्प्युटर जसंच्या तसं राहतं. बदल केला की कंट्रोल, एनव्हीडीए, एफ३. बंद करून चालू करायची गरज नाही.

१२ जुलै, शनिवार

डावीकडचा मजकूर मिळाला. टॅब दाबला आणि चौकट पहिल्यांदा काहीतरी बोलली. बोलली ते असं : "टेक."

दोन मिनिटं कळलं नाही. मग पडद्याकडे पाहिलं. तिथं 'जमा' लिहिलेलं होतं.

लेबलं कृतीदेव फाँटमध्ये आहेत. तो फाँट युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, वापरत नाही. आतमध्ये इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फक्त त्यांचं चित्र देवनागरी असतं. टी म्हणजे ज, ई म्हणजे म, के म्हणजे काना. म्हणून जमा म्हणजे टेक. नावे म्हणजे 'युकोस'. खाते तर एक चौकोनी कंस आणि पुढे के, के, आर, एस.

ताईला फोन केला. ती म्हणाली, "ते तर मले पाठच आहे. टेक म्हणजे जमा, युकोस म्हणजे नावे. स्क्रीन रिव्ह्यूनं ऐकते मी कधी कधी." म्हणजे आपल्याच भाषेतले शब्द ती नऊ वर्षं परक्या आवाजांत पाठ करत आली आहे. मला यावर पुढे काही बोलता आलं नाही.

१३ ते २० जुलै

आठवडाभर रात्री एकच काम : कृतीदेवचं युनिकोड. तयार तक्ते मिळतात, पण त्यातले बहुतेक हिंदी मजकुरासाठी घासलेले आणि मला एकेक नाव बिनचूक हवं होतं. म्हणून स्वतः लिहिलं, आणि लिहिताना जे कळलं ते सविस्तर नोंदवतो, कारण महाराष्ट्रात असा मजकूर अजून ढिगानं पडून आहे.

या फाँटचा विचार टाइपरायटरचा आहे. टाइपरायटरला अक्षर माहीत नसतं, ठसा माहीत असतो. 'भागभांडवल' घ्या. भ हे अक्षर एका कळीवर नाहीच. एका कळीवर अर्धा भ् आणि दुसरीवर दांडी. तीच दांडी काना म्हणूनही वापरायची. म्हणून 'भा' म्हणजे अर्धा भ् आणि दोन दांड्या : पहिली अक्षराची, दुसरी कान्याची. ख, घ, थ, ध, ण, श, ष यांचंही तसंच. मी आधी साधी अदलाबदल केली तेव्हा प्रत्येक भ नंतर एक भुताटकीचा काना येत होता. नियम असा बसला : अर्ध्या अक्षरामागोमाग दांडी आली तर अक्षर पूर्ण करायचं आणि ती दांडी तिथंच संपवायची. दुसरी आली तरच काना.

मग पहिली वेलांटी. ती चित्रात अक्षराच्या आधी दिसते म्हणून कोडमध्येही आधी येते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर हवी. 'शिल्लक' एका उडीत सुधारली. पण 'अस्मिता'मध्ये वेलांटीनंतर अर्धा स् आहे, मग म. एकच उडी मारली तर वेलांटी स् आणि म यांच्या मध्ये अडकते आणि आवाज अडखळतो. सगळं जोडाक्षर ओलांडून जायला हवं.

रफार याच्या नेमका उलट. 'कर्ज'मध्ये र् उच्चारात आधी, पण ठसा शेवटी. पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये हा शब्द किती ठिकाणी येत असेल! पहिल्या चाचणीत सगळीकडे 'कजर्' ऐकू आलं. एक अक्षर मागे नेलं, कर्ज सुधारलं. मग सरावाच्या यादीत 'कीर्ती' आलं आणि पुन्हा मोडलं, कारण तिथं रफार दुसऱ्या वेलांटीच्याही नंतर आहे. मात्रा ओलांडून, अक्षर ओलांडून, मग थांबायचं.

आणि शेवटचं, ज्यानं दोन रात्री घेतल्या. काही टायपिस्ट आधी मात्रा मग रफार मारतात, काही आधी रफार मग मात्रा. कागदावर दोन्ही सारखीच दिसतात. म्हणून कुणाला कधी कळलं नाही. आत मात्र एकाच आडनावाच्या दोन वेगळ्या ओळी. दोन्ही क्रम स्वीकारावे लागले.

बदलायचं कधी, हा प्रश्न फाँटच्या नावानं सुटला. डिस्प्ले मॉडेल मजकुरासोबत फाँटचं नावही देतं. कृतीदेव असेल तरच बदल, एरियल असेल तर हात लावायचा नाही. नाहीतर इंग्रजीतल्या खाते प्रकारांची वाट लागली असती.

२६ जुलै, शनिवार

ताईसोबत पहिली चाचणी. एनव्हीडीएच्या २०२५.१ आवृत्तीपासून दूरच्या कॉम्प्युटरशी जोडायची सोय आतच आहे, त्यामुळे तिच्या मशीनवर जे बोललं जातं ते मला पुण्यात ऐकू येतं. तिनं ठेवलेला वेग मला झेपत नाही. मी रेकॉर्ड करून सावकाश ऐकतो.

टॅब. "खाते क्रमांक, एडिट, ब्लँक." टॅब. "दिनांक, एडिट." टॅब. "रक्कम, एडिट, ब्लँक."

पलीकडे शांतता. मला वाटलं संपर्क तुटला. मग आवाज आला, "पुन्हा एकदा जाऊ दे सुरुवातीपासून." ती तीन वेळा चौदाही चौकटी फिरली. काही बोलली नाही, नुसती फिरली.

चौथ्या वेळी मात्र : "बरं, आता सांग, हे इतकं काऊन बोलते रे? समोर माणूस उभा रायते माझ्या."

बरोबर आहे. मी प्रत्येक चौकटीला नाव, प्रकार, आधीचा मजकूर, शिवाय फॉर्मचं नाव असं सगळं बोलायला लावलं होतं. तिला ओळखू येण्यापुरतं हवं. 'खाते', 'रक्कम', 'तपशील'. बस. नावं तिनंच आखडून दिली, मी ती तक्त्यात टाकली. तक्त्यात नसेल तर पडद्यावरचं पूर्ण लेबल.

तिला खरं हवं होतं ते वेगळंच. खाते क्रमांक टाकून एंटर मारला की खातेदाराचं नाव उजवीकडे येतं. तेही लेबलच, रंगवलेलं. ते आल्याची कुठलीही सूचना विंडोजकडून येत नाही, म्हणून एनव्हीडीए गप्प. शेजारी विचारायचं ते हेच.

२ ऑगस्ट, शनिवार

आजची चूक माझी आहे आणि ती सविस्तर लिहून ठेवणं भाग आहे.

एंटर कळीवर स्क्रिप्ट लावली होती : कळ पुढे प्रोग्रामकडे पाठवायची, ३०० मिलिसेकंद थांबायचं, नावाच्या जागेवरचा मजकूर वाचायचा. माझ्या मशीनवर दर वेळी बरोबर. ताईच्या मशीनवर डेटा आतल्या खोलीतल्या सर्व्हरवरून येतो. तो कधी ३०० मध्ये येतो, कधी सेकंदभर लावतो. उशीर झाला की स्क्रिप्ट आधीच्याच माणसाचं नाव वाचत होती. ठाम आवाजात, चुकीचं.

सरावाचाच डेटा होता. ताईनं तिसऱ्या खात्याला पकडलं : "थांब. हे नाव मघाचंच आहे."

गप्प स्क्रीन रीडरपेक्षा हे वाईट. गप्प असता तर तिनं शेजारी विचारलं असतं.

संध्याकाळी बदललं. एंटरच्या आधी जागेवर काय मजकूर आहे तो लक्षात ठेवायचा. एंटरनंतर दर १०० मिलिसेकंदांनी पाहायचं. मजकूर बदलला तरच नाव बोलायचं. पाच सेकंदांत बदलला नाही तर खालच्या सुरातला एक बीप आणि "नाव बदललं नाही", त्यानंतर जे नाव आहे ते. एकाच माणसाच्या लागोपाठ दोन पावत्या असतील तर हा बीप खोटा वाजेल. ताई म्हणाली, वाजू दे, तेव्हा मी पुन्हा पाहून घेईन. स्क्रिप्टला खात्री नसेल तर तिनं तसं सांगायचं, हे आता फाइलच्या पहिल्याच ओळीत टिप्पणी म्हणून लिहून ठेवलं आहे.

९ ऑगस्ट, शनिवार

राखी कुरिअरनं आली, बांधली, आणि व्हिडिओवर दाखवताना लक्षात आलं की ती 'दाखवणं' माझ्याच सवयीचं आहे. मग दोऱ्याचा रंग आणि गोंड्याचा आकार तिला सांगितला. तिनं तो स्वतः निवडलेला होता.

काम. सेव्ह केलं की "आर यू शुअर" असा बॉक्स येतो. दिवसातून शंभर वेळा तो ऐकायचा आणि एंटर मारायचा. मला वाटलं, हा त्रास वाचवावा. स्क्रिप्टनं बॉक्स ओळखायचा, न बोलता 'येस' दाबायचं. चार ओळींचं काम, मी खूष होतो.

ताईनं एकदा वापरलं आणि म्हणाली, "हे काढ. माह्यावतीनं हो नको म्हणू."

मी म्हटलं, पण तू दर वेळी होच म्हणतेस.

"म्हणते. पण मी म्हणते ना. त्या एका क्षणाला मी मनात आकडा पुन्हा फिरवते. तो क्षण तू खाल्ला तर चूक झाल्यावर सही माझीच राहील."

काढलं. त्या जागी जे केलं ते सगळ्या प्रकल्पातलं मला आवडलेलं काम आहे. बॉक्स आला की त्याचा इंग्रजी मजकूर बोलायचाच नाही. त्याऐवजी पडद्यावरून पुन्हा ताजे वाचलेले तीन शब्द : प्रकार, रक्कम, नाव. "जमा, बाराशे पन्नास, अमुक अमुक." मग शांतता. एंटर ती मारते.

रक्कम बोलण्यात एक खाच होती. १,२५,००० असं स्वल्पविरामांसह दिलं की तिच्या मशीनवरचा ईस्पीक या बोलणाऱ्या प्रोग्रामचा मराठी आवाज "एक, पंचवीस हजार" असं तोडून बोलायचा. आपली लाखाची मांडणी त्याला कळत नव्हती. आवाजाकडे देण्याआधी स्वल्पविराम काढून टाकले, आता "एक लाख पंचवीस हजार". पडद्यावरचा आकडा तसाच.

१६ ऑगस्ट, शनिवार

अर्धा दिवस वाया. कुणीतरी तिच्या मॉनिटरची अक्षरं मोठी केली, १२५ टक्के, आणि माझे सगळे आयत सरकले. ठरावीक अंतर काढून टाकून 'चौकटीच्या डावीकडे, त्याच ओळीत, सगळ्यांत जवळचा मजकूर' असं शोधायला लावलं. पहिल्यापासून हेच करायला हवं होतं.

२५ ऑगस्ट, सोमवार

पोळ्यासाठी गावी आलो होतो, एक दिवस जास्त थांबलो. मॅनेजर साहेबांच्या परवानगीनं सकाळी तासभर ताईच्या मागे स्टुलावर बसलो.

जे पुण्यातून कधी कळलं नसतं : ती इअरफोन एकाच कानात घालते. डावा कान मशीनला, उजवा माणसाला. समोरचा म्हातारा खत महाग झाल्याचं सांगतो आहे, ती त्याला "हो ना काका" म्हणते आहे, आणि त्याच वेळी डाव्या कानात त्याचंच नाव येतं. दोन्ही ऐकायचं म्हणजे मशीननं थोडक्यात आणि योग्य वेळी बोललं पाहिजे. तिच्या "इतकं काऊन बोलते"चा अर्थ मला स्टुलावर बसल्यावर कळला.

आणखी एक. इअरफोनची पिन सैल आहे. मध्येच निघाली आणि आवाज स्पीकरवर गेला. नावच होतं म्हणून निभावलं. पण मी नावापाठोपाठ शिल्लकही आपोआप बोलायला लावली होती. कुणाच्या खात्यात किती आहे हे रांगेला ऐकू जाणं चालणार नाही. दुपारी तिथंच बसून बदललं : शिल्लक आपोआप कधीच नाही. एक कळ एकदा दाबली तर नाव, पटकन दोनदा दाबली तर शिल्लक. एकच स्क्रिप्ट लागोपाठ कितव्यांदा दाबली गेली हे एनव्हीडीए सांगतो, त्यामुळे वेगळी कळ लागली नाही.

त्या तासात तिनं शेजारी चार वेळा विचारलं. त्यातले तीन प्रश्न पासबुकाच्या छपाईचे होते, ती या प्रकल्पात नाही. एक नावाचा होता, बीप वाजल्यावर.

६ सप्टेंबर, शनिवार

रोजकीर्दीचा, म्हणजे दिवसभराच्या व्यवहारांच्या नोंदींचा, तक्ता. फ्लेक्सग्रिड नावाचा जुना नियंत्रक, बाणाच्या कळांनी चौकट हलते पण एकही कप्पा आपलं अस्तित्व विंडोजला सांगत नाही. पुन्हा डिस्प्ले मॉडेल : ते पार्श्वभूमीचा रंगही देतं, म्हणून निवडलेल्या कप्प्याचा निळा रंग शोधायचा आणि त्यातला मजकूर वाचायचा. चाललं. खाली-वर गेलं की ओळीतलं नाव आणि रक्कम, आडवं गेलं की फक्त तो कप्पा.

१४ सप्टेंबर, रविवार

स्क्रॅचपॅडमधून काढून एनव्हीडीएत बसवता येणारा रीतसर अ‍ॅड-ऑन बांधला. एक मॅनिफेस्ट फाइल, त्यात नाव, आवृत्ती, एनव्हीडीएची कमीत कमी कुठली आवृत्ती लागेल आणि शेवटची कुठल्या आवृत्तीवर तपासली. सगळं झिप करून शेवटाचं नाव बदललं की झालं. कृतीदेवचा भाग वेगळ्या फाइलमध्ये ठेवला आहे, दुसऱ्या कुठल्या संस्थेत असंच सॉफ्टवेअर असेल तर तो तसाच उचलता येईल.

ताईनं मॅनेजर साहेबांसमोर तो तिच्या काउंटरच्या मशीनवर स्वतः बसवला.

२० सप्टेंबर, शनिवार

रात्री ताईचा फोन. आठवडाभरात नावासाठी एकदाही शेजारी विचारावं लागलं नाही, हे तिनं जाता जाता सांगितलं. फोन त्यासाठी नव्हता.

काल संध्याकाळी रोजकीर्द जुळेना. ५० रुपयांचा फरक. आजवर अशा वेळी ती बाजूला बसायची आणि बाकीचे शोधायचे. काल तिनं स्वतः बाण दाबत ओळ न् ओळ ऐकायला सुरुवात केली. बाविसाव्या ओळीनंतर मशीन गप्प झालं, कारण त्यापुढच्या ओळी पडद्यावर नव्हत्या आणि जे रंगवलेलंच नाही ते डिस्प्ले मॉडेलला माहीत नसतं. पेज डाउन मारलं तर स्क्रिप्टला निळा कप्पा सापडेना.

"तेविसाव्या ओळीपासून पुढं मले वाचता आलं पाहिजे," ती म्हणाली. "फरक तिथंच कुठी होता."

पेज डाउननंतर तक्ता पुन्हा रंगवायला भाग पाडता येतो का, ते आधी पाहतो. उद्या सकाळी सहाला बसतो, ती आठपर्यंत मोकळी आहे.